वळणोबा

“बाबा, माणूस चाकाखाली गेला तर आवाज कसा येतो?”

उकिडवे बाबा राखेनं तांब्या घासत होते. हात थांबला नाही.

“गेलाय का कोण?”

“माहीत नाही. म्हणून तर विचारतोय.”

“कुठं?”

“आत्ता, खालच्या वळणावर. दण्णदिशी दणका बसला. उतरून बघितलं.”

“काय होतं?”

“दगड.”

“मग दगडावरनं गेली.”

“तेच कसं कळायचं, बाबा? दगडावरनं गेली, का आधी माणसावरनं जाऊन मग दगडावरनं गेली?”

बाबांनी तांब्याच्या आत डोकावून बघितलं. गेलेला माणूस तिथं लपून बसला असावा, तसं.

“काल?”

“कालपण. परवापण. रोज दोन-तीनदा.”

बाबा माझ्याकडं वळले. “चहाटळा, तळखोऱ्यात उंबरे किती?”

“असतील शंभरभर.”

“रोज दोन-तीन...”

“दिवाळीपर्यंत गाव संपंल,” मी म्हणालो. “मग दूध घालायलाच कोण उरणार नाही. याला आरामच आराम.”

पोरगं हसलं नाही. हसायच्या आधी त्यानं मागं वळून रस्त्याकडं बघितलं, आणि मग हसायचं राहूनच गेलं.

हे पोरगं म्हणजे धैर्यशील. आईबापांनी नाव बारशालाच ठेवलं, पुढचं त्यांना काय माहीत. तळखोऱ्याचं दूध टेम्पोत घालायचं, घाट चढायचा, खिंड ओलांडायची आणि पेठेच्या डेअरीत कॅन उतरवायचे, एवढंच त्याचं काम. लायसन इतकं नवं की खिशातनं काढलं तर अजून प्लास्टिकचा वास यायचा.

आणि उकिडवे बाबा म्हणजे आमच्या खिंडीतले गोसावी. त्यांना मांडी घालून बसलेलं कुणी बघितलं नाही, म्हणून उकिडवे. ते खरे साधू का नुसतं सोंग, याचा तपास मी कैक वर्षं करतोय. म्हैस चारायच्या निमित्तानं रोज येऊन बसतो. म्हैस चरते, मी बघतो. अजून एकसुद्धा लबाडी हाताला लागली नाही.

एवढी सफाई म्हटल्यावर संशय येणारच.

टेम्पो खिंडीच्या अलीकडं, चढणीलाच उभा होता. मागल्या चाकाला दगड लावलेला. हौद्यात दुधाचे कॅन. ऊन अजून धुक्यात अडकलं होतं, पण ते काय कायमचं अडकून राहत नाही.

“गाडी उभी करून बसलास,” बाबा म्हणाले. “दूध?”

“नासंल. आज नासलं की टेम्पोची चावी चंदरला द्यायची, डेअरीचे चेअरमन बोललेत. सगळ्यांच्या देखत बोललेत.” त्यानं खिशातलं लायसन चाचपलं. “माझ्या वडलांच्या देखत. शब्द वडलांनीच टाकला होता ना माझ्यासाठी. म्हणाले होते, माझं पोरगं चुकणार नाही.”

“मग इथं कशाला थांबलास?”

“पुढं जायला पाय उचलत नाही, बाबा. क्लचवर ठेवला की थरथरतो. खाली कोण मरून पडलं असेल तर?”

बाबांनी तांब्यावर आणखी राख घेतली.

मीच विचारलं, “दूध नासतं का पण? रस्ता तर एवढासा.”

“थांबतो ना, आबा. दणका बसला की थांबतो. उतरतो. चाकाला दगड लावतो. मागं जातो. रस्ता बघतो, झाडीत बघतो, दरीत बघतो. मग गाडीखाली वाकून बघतो. मग परत झाडीत.”

“परत कशाला?”

“पहिल्यांदा नीट बघितलं का नाही, असं वाटतं.”

“आणि दुसऱ्यांदा बघून झालं की?”

“तेव्हा पहिल्यांदाचं आठवत नाही.”

घ्या. ऊन वर, दूध खाली, आणि हा झाडीत. पोलीसपाटलांनी म्हणे एकदा गाठून विचारलं होतं, पोरा, रोज वाकून काय शोधतोस, काय पुरलंयस का इथं? तेव्हापासनं गावात त्याच्याकडं बघायची नजर जरा बदलली. बायका पोरांना आत घेतात.

“यात डाव आहे कुणाचा तरी,” धैर्यशील एकदम खाली आवाजात म्हणाला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग बाबांकडं. मग म्हशीकडं.

म्हैस शांत होती. तिच्यावर त्याचा बसला असता विश्वास, पण तिनं नेमकी मान फिरवली.

“बोल की.”

“तो दगड. ज्याच्यावरनं चाक जातं तो. मी रोज लाथ मारून कडेला करतो. दुसऱ्या दिवशी दुसरा हजर. त्या जागेवर नाही. थोडा वर.”

“वर म्हणजे?”

“चढाकडं. पाच-सहा ढांगा वर. तिसऱ्या दिवशी आणखी वर. दगड घाट चढतोय, बाबा.”

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर गार वारंही होतं.

“आणि फक्त चढणीच्या बाजूला. उतरताना रिकाम्या गाडीला एकपण नाही. म्हणजे भरलेली गाडी कधी जाते हे टाकणाऱ्याला बरोबर ठावं आहे.”

“कोण असेल?”

“चंदर. दुसरं कोण? चावी पाहिजे त्याला. उजाडायच्या आत येऊन ठेवत असणार.”

“चंदरला मी लहानपणापासनं ओळखतो,” मी म्हणालो. “लग्नाच्या दिवशी त्याला उठवायला अंगावर घागर ओतली होती. तो उजाडायच्या आत?”

“मग माणूस लावला असेल.” पोरानं माझ्यावर नजर रोखली. “तुम्ही किती वाजता येता इथं, आबा?”

बघा. म्हातारपणी हे ऐकायचं.

बाबांनी तांब्या पालथा घातला. राखेचे हात एकमेकांवर झटकले.

“अजून काय?”

“अजून म्हणजे...” पोरगं अडलं. “बोलू का?”

“बोल.”

“पहिल्याच दिवशी चोरी झाली माझी. इथं. खिंडीत.”

आमच्याकडं रीत आहे. नवा ड्रायव्हर घाट चढून पहिल्यांदा खिंडीत आला की गाडी थांबवतो, उतरतो, कठड्यावर नारळ फोडतो आणि मग पुढं जातो. धैर्यशीलनंही फोडला होता. मला आठवतंय, कारण खोबरं मी खाल्लं होतं.

“बादशाभाईंनी ठोकळा दिला होता मला,” तो सांगायला लागला. “त्यांनीच गाडी शिकवली. बाभळीचा ठोकळा, तीन कोनी, चाकाला लावायचा. तापल्या सळईनं त्यावर माझं नाव डागून दिलं. म्हणाले, बेटा, ब्रेक दगा देईल, हा देणार नाही. गाडीतनं उतरलास की आधी हा चाकाखाली, मग दुसरं काम... इथं नारळ फोडला, वर पेठेत पोचलो, बघतो तर ठोकळा नाही. त्या दिवसापासनं दगडावर भागवतोय.”

“खिंडीत कोण होतं तेव्हा?” बाबांनी विचारलं.

“दोघंच. तुम्ही... आणि हे.”

हे म्हणजे मी.

“एक ठोकळा घेऊन मी काय करू रे?” मी म्हणालो. “म्हशीला लावू? ती हलत नाही तशी.”

“मी तुम्हाला कुठं म्हणलं?”

“बघतोयस तसा.”

“बघू पण नको?”

“तंटा नको,” बाबा म्हणाले.

खालच्या दरीत कावळा ओरडला. पोरगं दचकून उठलं, रस्त्याच्या कडेपर्यंत गेलं, खाली वाकून बघितलं आणि परत आलं.

“कावळाच आहे,” त्यानं आम्हाला सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं.

“लायसन मिळालं कसं तुला?” बाबांनी विचारलं.

आता मात्र पोराची मान ताठ झाली. “एका दमात. साहेबांपुढं आठाचा आकडा काढायचा असतो गाडीनं. आमच्या बरोबरचे तिघं नापास झाले. एकानं खांब पाडला. मी असा काढला की साहेब म्हणाले, छापलाय जणू.”

“आठ काढून कुठं पोचलास?”

“कुठं म्हणजे? जिथनं निघालो तिथंच. आठ तसाच असतो, बाबा.”

“हं.”

“हं काय?”

“काही नाही. हात चांगला बसलाय म्हणालो.”

पोरानं माझ्याकडं बघितलं, हे कौतुक होतं का टोमणा, ते कळावं म्हणून. मी म्हशीकडं बघितलं. मलाही कळलं नव्हतं, पण कळल्यासारखं तोंड करायला माझं काय जातंय.

“बाबा, तुम्हाला गाडी येते?” धैर्यशीलनं एकदम विचारलं.

“नाही.”

“कधी बसलात स्टेरिंगवर?”

“नाही.”

“सायकल?”

“पडलो होतो.”

“मग मी तुम्हाला विचारतोय कशाला?”

“ते मलाही कळेना,” बाबा म्हणाले. “पण थांबलायस खरा.”

पोरगं उठलं. दोन पावलं टेम्पोकडं गेलं. तिथनंच ते कठड्याकडं वळलं.

कठड्यावर आमचा वळणोबा बसलाय.

वळणोबा म्हणजे नवा देव. वीतभर उंच, तीन कोनी, वरपासनं खालपर्यंत शेंदरानं माखलेला. धैर्यशील गाडीवर लागला, त्याच सुमारास एका सकाळी तो कठड्यावर दिसला. कुणी बसवला? मला काय विचारता. आमच्याकडं शेंदूर लागला की देव होतो, मग त्याच्या आईबापाची चौकशी कुणी करत नाही. ट्रकवाले हॉर्न देऊन जातात, जीपवाले फूल टाकतात. ज्याला त्याला गुण येतोय म्हणे. एकाचं पंक्चर वळणोबाला हात जोडल्यावर निघालं. अर्थात पंक्चरवाल्यानं काढलं, पण बुद्धी वळणोबानं दिली.

धैर्यशील रोज इथं थांबायचा. चाकाला दगड लावायचा, उतरायचा, वळणोबापुढं डोकं टेकायचा. आजही टेकलं.

“देवा,” तो पुटपुटला, “माझ्या हातनं चूक होऊ देऊ नको. झाली असेल तर दाखव. आणि ज्यानं ठोकळा चोरला त्याचे हात झडू देत.”

मी बाबांच्या हाताकडं बघितलं. बाबांनी माझ्या.

“काय म्हणतो वळणोबा?” बाबांनी बसल्या जागेवरनं विचारलं.

“बोलत नाही.”

“रोज विचारतोस?”

“रोज.”

“तोंड एवढं लिंपल्यावर बोलंल कसा बिचारा.”

बाबा उठले. उठले म्हणजे उकिडवेच जरा वर झाले आणि तसेच चालत कठड्यापाशी गेले. वाटेत पडलेली नारळाची करवंटी उचलली. वळणोबाला डाव्या हातानं खाली घेतलं, पायांच्या मधे धरलं आणि करवंटीनं शेंदूर खरवडायला लागले.

“बाबा!”

पोरगं किंचाळलंच. मीही दोन पावलं मागं सरकलो. देवावर माझा फार विश्वास आहे असं नाही, पण कोपाचा नेम काय.

“बाबा, पाप आहे हे! देव आहे तो!”

खर्र... खर्र...

“आबा, सांगा की त्यांना!”

“मी काय सांगू? त्यांच्या-त्यांच्यातलं आहे.”

खर्र... खर्र...

शेंदराच्या खपल्या पडायला लागल्या. लालभडक, तेलकट. आधी वाटलं, आत काळा दगड निघंल. काळा नाही निघाला. पिवळट निघाला. त्यावर उभ्या रेघा. रेघा कसल्या, लाकडाच्या नसा त्या.

पोरगं जवळ आलं.

आणखी एक खपली पडली. आत डागलेलं काहीतरी होतं. मला अक्षर लागतं, मोठं असलं तर. हे मोठं होतं.

‘धैर्या’.

...

मी म्हशीचा विचार करायला लागलो. अशा वेळी दुसरा विचार केलेला बरा.

धैर्यशील कितीतरी वेळ त्या अक्षरांकडं बघत होता. मग त्याचं तोंड शेंदरापेक्षा लाल झालं.

“म्हणजे तुम्ही चोरला!”

“उचलला,” बाबा म्हणाले.

“कुठनं?”

“ठेवला होतास तिथनं.”

“मी? मी कुठं ठेवला होता?”

बाबांनी टेम्पोकडं बघितलं. टेम्पोच्या मागल्या चाकाकडं. तिथं लावलेल्या दगडाकडं.

पोरानंही बघितलं.

त्याचे ओठ हलायला लागले, पाठांतर म्हणावं तसे. “गाडी थांबवली... उतरलो... ठोकळा लावला... नारळ फोडला... खोबरं आबांना दिलं... पाया पडलो... गाडीत बसलो... निघालो...”

थांबला.

परत पहिल्यापासनं म्हणाला. परत तिथंच येऊन थांबला.

“निघालो,” तो म्हणाला. “आणि ठोकळा...”

त्यानं चाकाखालच्या दगडाकडं परत बघितलं.

पोराची नजर बाबांच्या बैठकीवर गेली. दगडांची बैठक ती. पूर्वी बाबा जमिनीवरच बसायचे. या महिन्यात एकेक दगड रचत रचत चांगला ओटा झाला होता. धैर्यशील गुडघ्यावर बसला, त्यातला एक दगड उपटला. एका अंगाला टायरचं काळं. दुसरा उपटला. त्यालाही काळं. तिसरा.

“हे... सगळे...?”

“तू रोज एक देऊन जातोस,” बाबा म्हणाले. “बसायला उंच झालं. गुडघ्याला बरं पडतं.”

“मग खालच्या वळणावरचे का नाही उचलले?”

“तिथवर पाय चालत नाहीत.”

“म्हणजे माझ्या चाकाला जो रोज दणका बसतो, तो...”

बाबा करवंटीतल्या शेंदराकडं बघत होते.

“आणि जो वर वर चढत येतो, तो...”

“चंदर असेल,” मी म्हणालो. “उजाडायच्या आत उठून.”

धैर्यशीलनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता रडतो, नाही तर मारतो. दोन्ही नाही केलं. डोकं धरून कठड्याला टेकून खाली बसला. टेकून बसला तिथं आदल्या दिवशीच्या फुलांचा चिखल होता, तोही त्याला कळला नाही.

“मी याच्या पाया पडत होतो,” तो म्हणाला. “याच्याकडं मागत होतो, चूक होऊ देऊ नको म्हणून.”

“गुण येत होता का?” बाबांनी विचारलं.

“कसला गुण! त्याच्यासाठी थांबायचो आणि...” तो ओट्याकडं बघून गप्प झाला.

धुकं फाटलं होतं. उन्हाची एक पट्टी टेम्पोच्या हौद्यापर्यंत आली होती. अजून कॅनवर चढली नव्हती.

पोरगं उठायला गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. चेहरा परत तसाच झाला, आला तेव्हा होता तसा.

“पण बाबा... आजवर दगड निघाले, ठीक आहे. एखाद दिवशी खरंच माणूस असला तर?”

“तर तू आज त्याला कुठं शोधतोस?”

“मागं. दणका बसला की मागं जाऊन.”

“आणि तो त्याच्या आधी कुठं असंल?”

पोरानं आधी खाली बघितलं, मग वर खिंडीकडं.

“पुढं,” ते हळूच म्हणालं.

“तिथं कधी बघतोस?”

“तिथं...” तो अडला. “तिथं बघताना माझं ध्यान आरशात असतं, बाबा. मागचा दगड कुणी हलवतंय का म्हणून.”

बाबांनी ठोकळा त्याच्या हातात दिला. त्याचे तळवे लाल झाले. कुणाचा खून करून आल्यासारखा दिसत होता. मी ते त्याला सांगितलं नाही. आधीच पोलीसपाटलांची नजर होती त्याच्यावर.

“चुका कधी थांबतील माझ्या?” त्यानं विचारलं.

“गाडी विकलीस की.”

“नाही, खरं सांगा.”

“तळखोऱ्यातनं खिंडीपर्यंत चालत आलास तरी ठेचा लागतील. मग पाय विकायला काढशील.”

“म्हणजे उपाय नाही?”

“चावी चंदरला दे. त्याच्या चुका तो करील. तू वडलांबरोबर घरी बसून बघ.”

पोरगं ताडकन उठलं. “चंदरला? बाबा, तो वळणाला हॉर्नसुद्धा देत नाही!”

“मग बसलायस कशाला?” बाबा पहिल्यांदाच ओरडले. “दूध!”

धैर्यशील पळाला. पळता पळता परत आला, बाबांचे पाय धरले, माझेही धरायला वाकला, मग माझ्यावरचा संशय पुरता गेला नसावा, तसाच सरळ झाला आणि पळाला. ठोकळा काखेत. दार आपटलं. इंजिन धुरकटलं. टेम्पो दगड सोडून वर सरकला आणि आमच्या पुढनं खिंडीकडं निघाला.

चाकाचा दगड रस्त्यात तसाच.

मी कपाळाला हात लावला. “बाबा, गेला की हा! सगळं रामायण ऐकून—”

ब्रेक करकचले.

खिंडीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. धैर्यशील उतरला. मला वाटलं, झालं, परत झाडी. पण नाही. त्यानं काखेतला ठोकळा मागल्या चाकाखाली सारला, दोनदा लाथेनं घट्ट केला आणि उतारानं पळत खाली आला. रस्त्यातला दगड उचलला. छातीशी धरून आणला आणि बाबांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. कुस्ती मारल्यासारखं तोंड झालं होतं.

“उचलला!” तो म्हणाला. “बघितलंत ना? उचलला!”

“बघितलं,” बाबा म्हणाले.

“आता नाही विसरत. मेलो तरी नाही.”

आणि वर पळाला. गाडीत चढला. जोराचा एक हॉर्न दिला, आमच्यासाठी का वळणोबासाठी कुणास ठाऊक, कारण कठड्यावर आता वळणोबा नव्हता. टेम्पो खिंडीपलीकडं गेला.

आम्ही कान देऊन बसलो. पलीकडंही थोडी चढण आहे; तिथल्या वळणावर त्याचाच कालचा कुठला तरी दगड असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

धाड्...

कॅन खडखडले. इंजिन जरा मंदावलं. आरशात बघत असणार.

बाबांनी श्वास धरला होता. एवढ्या वर्षांत त्यांना तसं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मनात नोंद करून ठेवली. तपासाला उपयोगी पडंल.

मग गिअर पडला. आवाज दूर दूर जात नाहीसा झाला.

दुपारी चंदर तळखोऱ्याकडं उतरला, तेव्हा त्याचंच तोंड नासलं होतं. म्हणजे दूध पोचलं आणि चावी राहिली. पण ते दुपारचं. तेव्हा सकाळीच, धूर विरला तसा मी खिंडीच्या तोंडाकडं सहज बघितलं.

रस्त्यातच, चढणीच्या बाजूला, काहीतरी लाल पडलं होतं.

तीन कोनी. वीतभर.

“बाबा,” मी म्हणालो, “ठोकळा!”

बाबा ओट्यावर नवा दगड बसवून बघत होते. हलतो का, डुगडुगतो का. त्यांनी मान वर केली नाही.

“हाक मारू का त्याला? पळत जातो, पहिल्या वळणावर गाठंन—”

“बस खाली.”

“अहो पण परत विसरला तो! आत्ता म्हणाला, मेलो तरी...”

बाबा दगडावर बसले. उकिडवेच. उंची बरोबर झाली असावी, कारण जरा हसले.

“चहाटळा,” ते म्हणाले, “शेंदूर किती उरलाय बघ.”